एक कॉलम वाढवण्याआधी

डेटाबेसच्या कामात नव्याने येणाऱ्याला जॉइन, नॉर्मलायझेशन, इंडेक्स हे सगळं येत असतंच, त्यावर इथे वेळ घालवत नाही. कोर्समध्ये सहसा न भेटणारी आणि नोकरी लागल्यावर लवकरच अंगावर येणारी गोष्ट वेगळी आहे: लोक वापरत असलेल्या, चालू टेबलची रचना बदलणं. पोस्टग्रेस (पोस्टग्रेएसक्यूएल) हा डेटाबेस धरून लिहितोय. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं शेवटी थोडक्यात.

लॅपटॉपवर ‘ऑल्टर टेबल ऑर्डर्स ॲड कॉलम’ काही मिलिसेकंदांत होतं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवरही होतं. पोस्टग्रेस ११ पासून (२०१८) स्थिर डीफॉल्ट असलेला कॉलमसुद्धा टेबल पुन्हा न लिहिता जोडला जातो, त्यामुळे दहा कोटी नोंदींच्या टेबलवरही प्रत्यक्ष काम क्षणाचंच. (जेन_रँडम_यूयूआयडी() सारखं प्रत्येक नोंदीला वेगळी किंमत देणारं डीफॉल्ट लावलंत तर मात्र अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं, हे लक्षात असू द्या.) म्हणून नवा माणूस मायग्रेशन (रचना बदलणारी स्क्रिप्ट) निर्धोक समजून दुपारी साडेबाराला चालवतो आणि सगळी साइट बंद पडते. या सापळ्यात मी स्वतः सापडलो आहे, म्हणून हा भाग जरा लांबवणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

ऑल्टर टेबलला बहुतेक वेळा ‘ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह’ लॉक, म्हणजे टेबलवरचा तात्पुरता ताबा, लागतो. हा लॉक कुणाशीच जमवून घेत नाही, साध्या सिलेक्टशीही नाही. सिलेक्ट घेतो तो ‘ॲक्सेस शेअर’, सगळ्यांत सौम्य. हजार सिलेक्ट एकाच वेळी सुखाने नांदतात. आता एखादा रिपोर्ट वीस मिनिटं त्याच टेबलवर चालू आहे. तुमचा ऑल्टर येतो आणि त्याच्यामागे थांबतो. इथवर सगळ्यांना कळतं. पुढचं कळत नाही: ऑल्टर थांबला की त्याच्यानंतर आलेले सगळे सिलेक्टही थांबतात. रिपोर्टशी त्यांचं काहीच भांडण नाही, पण रांगेत पुढे उभ्या असलेल्या ऑल्टरशी आहे. नंतर येणाऱ्यांना पुढे सोडत राहिलं तर ऑल्टरचा नंबर कधीच लागणार नाही, म्हणून पोस्टग्रेस त्यांना ओलांडून जाऊ देत नाही.

घाटातला अरुंद पूल डोळ्यांसमोर आणा. दुचाक्या, रिक्षा एकाच वेळी जाताहेत. मध्ये एक बैलगाडी संथ चाललीय, तिचा कुणाला त्रास नाही. तेवढ्यात पूल पूर्ण रिकामा लागणारा अवजड ट्रेलर येऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहतो. बैलगाडी पार होईपर्यंत तो हलणार नाही, आणि त्याच्या मागे मैलभर वाहनं अडकतात. पुलावर मात्र तेव्हा एक बैलगाडी सोडली तर कुणी नाही.

नुसतं वाचून हे मुरत नाही. आज संध्याकाळी अर्धा तास काढा आणि लॅपटॉपवर चार टर्मिनल उघडून प्रत्येकात पीएसक्यूएल (पोस्टग्रेसशी बोलायचं कमांड-लाइन साधन) चालू करा. पहिल्यात ‘बिगिन’ लिहून ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्की किंवा रद्द होणारी कामं) उघडा, टेबलवर एक सिलेक्ट चालवा आणि कमिट न करता तसंच सोडा. क्वेरी संपली तरी लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत राहतो, हे इथेच कळेल. दुसऱ्यात ऑल्टर टेबल चालवा, तो लटकेल. तिसऱ्यात आयडीवरून एक नोंद काढणारा साधा सिलेक्ट चालवा, तोही लटकेल. चौथ्यात पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (चालू सेशनची यादी) मधून पिड (सेशनचा प्रोसेस क्रमांक), स्टेट, क्वेरी आणि सोबत पीजी_ब्लॉकिंग_पिड्स(पिड), म्हणजे त्याला अडवणाऱ्यांचे पिड, काढा. तिसऱ्याच्या पुढे दुसऱ्याचा पिड दिसेल, दुसऱ्याच्या पुढे पहिल्याचा. ही साखळी स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहिलीत की प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक वापरत असलेल्या डेटाबेसवर, ती ओळखायला दहा सेकंद पुरतात.

प्रॉडक्शनवर ती ओळखणं अवघड जातं ते लक्षणं दुसरीकडे दिसतात म्हणून. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये लॉकचं नावही नसतं, तिथे दिसतं ‘कनेक्शन मिळालं नाही’. जावाच्या हिकारी या कनेक्शन पूलमध्ये (डेटाबेसची कनेक्शन उघडून ठेवणारा साठा) डीफॉल्ट दहा कनेक्शन असतात. दहा रिक्वेस्ट सिलेक्टवर अडकल्या की अकरावी ३० सेकंद थांबून एरर देते. मग कुणीतरी पूल दहाचा पन्नास करतं. त्याने अडकणारे पन्नास होतात, आणि चार सर्व्हर असतील तर पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा, १०० कनेक्शन, तीही संपते. मग सुपरयूजर सोडून कुणालाही डेटाबेसमध्ये शिरून बघायला जागा उरत नाही. डेटाबेसचा सीपीयू मात्र शांत असतो. साइट बंद आणि सीपीयू निवांत दिसला की आधी लॉक बघा.

अशा वेळी काय मारायचं? आपलाच ऑल्टर. पीजी_कॅन्सल_बॅकएंड ला त्याचा पिड द्या, रांग तत्काळ मोकळी होते. घाबरू नका: पोस्टग्रेसमध्ये रचनेचे बदलही ट्रान्झॅक्शनमध्ये होतात, रद्द झालेल्या ऑल्टरमुळे टेबल अर्धवट राहत नाही. रांगेच्या मुळाशी ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असलेलं सेशन असेल तर त्याच्यावर कॅन्सलचा उपयोग नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नसते. तिथे पीजी_टर्मिनेट_बॅकएंड लागतं, आणि ते सेशन कुणाचं आहे हे विचारल्याशिवाय वापरू नका.

उपाय एका ओळीचा आहे. मायग्रेशनच्या ट्रान्झॅक्शनमध्ये सगळ्यांत आधी ‘सेट लोकल लॉक_टाइमआउट’ दोन सेकंद करा. ‘लोकल’ गाळू नका, नाहीतर पीजीबाउन्सरसारख्या, तीच कनेक्शन अनेकांत वाटून देणाऱ्या पूलरमागे ही सेटिंग दुसऱ्याच्या कामाला जाऊन चिकटते. डीफॉल्ट शून्य असतं, म्हणजे अनंत काळ थांबा. दोन सेकंदांत लॉक मिळाला नाही तर ऑल्टर ५५पी०३ या कोडची एरर देऊन बाजूला होतो आणि मागचे सगळे सुटतात. मग दहा ते तीस सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न, असे दहा वेळा. दहाही फसले तर लॉक धरून बसलेल्याला शोधा. टाइमआउट वाढवणं हा त्यावरचा मार्ग नाही.

एक बारकावा इथे बऱ्याच जणांचा निसटतो. लॉक_टाइमआउट लॉक मिळण्याच्या प्रतीक्षेवर चालतो, मिळालेला लॉक किती वेळ धरला यावर नाही. तो कमिट होईपर्यंत तुमचाच. म्हणून कॉलम जोडणं आणि जुन्या नोंदींत किंमत भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कधीही घालू नका. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) पोस्टग्रेसवर अख्खी मायग्रेशन फाइल आपोआप एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो, तेव्हा दोन फाइली करा. किंमत प्रायमरी कीच्या पट्ट्यांनी, एका वेळी पाच हजार नोंदी, प्रत्येक पट्ट्यानंतर कमिट, मध्ये किंचित विश्रांती, अशी भरा. एका दमात पाच कोटी नोंदी अपडेट केल्यात तर पाच कोटी मृत (जुन्या, आता न लागणाऱ्या) आवृत्त्या तयार होतात आणि टेबल जवळपास दुप्पट फुगू शकतं.

‘रात्री दोनला चालवू, तेव्हा ट्रॅफिक नसतो’ हा सल्ला तुम्हाला मिळेलच. मला तो पटत नाही. रात्री बॅकअप चालतो. बॅकअप घेणारा पीजी_डम्प सुरुवातीलाच सगळ्या टेबलांवर ॲक्सेस शेअर घेतो आणि काम संपेपर्यंत सोडत नाही. म्हणजे तीन तासांची बैलगाडी. रात्रीचे मोठे रिपोर्टही त्याच वेळी असतात, आणि मदतीला जागं कुणी नसतं. टाइमआउट लावून सकाळी अकराला, टीम समोर असताना चालवलेलं मायग्रेशन जास्त सुरक्षित असतं.

चॅटबॉटकडून किंवा जुन्या फाइलमधून मायग्रेशन उचलण्याला माझा विरोध नाही, पण त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ती कोणता लॉक घेते हे स्वतः लिहा. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात ‘एक्स्प्लिसिट लॉकिंग’ नावाचा विभाग आहे, त्यातला लॉकच्या टकरींचा तक्ता छापून टेबलाशेजारी लावा. सीनियर निवडायची संधी मिळाली तर कोडच्या सुबकतेवर बोलणाऱ्यापेक्षा ‘हे फसलं तर मागे कसं घेणार?’ असं विचारणाऱ्याजवळ बसा. पहिले काही महिने तो छळतोय असं वाटेल. वाटू द्या.

बाकीचे बदल भराभर सांगतो. साधा क्रिएट इंडेक्स वाचन चालू ठेवतो, लेखन थांबवतो. चालू टेबलवर ‘कॉन्करंटली’ वापरा. तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून जँगोत ॲटॉमिक = फॉल्स आणि रेल्स या रुबीच्या फ्रेमवर्कमध्ये डिसेबल_डीडीएल_ट्रान्झॅक्शन! लागतं. तो कुणाचं वाचन-लेखन अडवत नाही, तेव्हा त्या सेशनमध्ये दोन्ही टाइमआउट, लॉकचा आणि स्टेटमेंटचा, शून्य ठेवा. मध्येच तुटला तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे राहतो: क्वेरीला उपयोग नाही, पण लेखनावर भार पडतच राहतो. त्यात ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ लिहिलं असेल तर दुसऱ्यांदा चालवताना त्याच नावाचा मोडका इंडेक्स बघून पोस्टग्रेस काम सोडून देतो आणि मायग्रेशन यशस्वी दिसतं. पीजी_इंडेक्स मध्ये इंडइजव्हॅलिड फॉल्स असलेले शोधा, पाडा, पुन्हा बनवा.

नॉट नल (किंमत रिकामी नसावी ही अट) थेट लावलंत तर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक धरून अख्खं टेबल तपासलं जातं. आधी ‘नॉट व्हॅलिड’ (जुन्या नोंदी आत्ता तपासू नका) लावून ‘कॉलम नल नाही’ असा चेक कन्स्ट्रेंट जोडा, नंतर वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये व्हॅलिडेट करा (याने वाचन-लेखन अडत नाही), मग नॉट नल लावा. पोस्टग्रेस १२ पासून तो चेक पाहून पुन्हा तपासणी टाळली जाते. त्यानंतर चेक काढून टाका. फॉरेन कीलाही नॉट व्हॅलिड आणि मग व्हॅलिडेट हाच क्रम, फक्त तिथे लॉक दोन्ही टेबलांवर लागतो, पालक टेबल (की जिकडे बोट दाखवते ते) विसरू नका.

मायएसक्यूएलमध्ये हीच रांग ‘मेटाडेटा लॉक’ नावाने भेटते. शो प्रोसेसलिस्टमध्ये ‘वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक’ अशा ओळींची रांग दिसली की समजा. तिथे लॉक_वेट_टाइमआउट चं डीफॉल्ट ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण एक वर्ष, तेव्हा सेशनपुरतं ते पाच सेकंदांवर आणा. आणि तिथे ऑल्टर आपोआप कमिट होतो, रोलबॅकने परत येत नाही. म्हणून एका फाइलमध्ये एकच ऑल्टर ठेवा, चौथा फसला तर पहिले तीन होऊन गेलेले असतात.