जुनी कोल्ट घेताय? या चुका टाळा

कोल्ट ही अमेरिकी बंदूक कंपनी. तिच्या १८४७ च्या वॉकर कोल्टपासून एकोणिसावं शतक सरेपर्यंत अमेरिकेच्या सीमाप्रदेशात जी रिव्हॉल्व्हरं फिरली, त्यांचा संग्रह करणाऱ्यांत आता तिथे स्थायिक झालेली मराठी माणसंही दिसतात. छंद देखणा आहे आणि महागही. यातली जवळजवळ प्रत्येक चूक एकाच जागी उगम पावते: वस्तूवर जे लिहिलेलं असतं ते नीट न वाचता पैसे मोजले जातात, किंवा घरी आणल्यावर तेच आपल्या हाताने पुसलं जातं.

भरलेलं आहे का, हे न पाहणं

खरेदीच्या गोष्टी नंतर, हे आधी. १८५१ ची नेव्ही कोल्ट किंवा १८६० ची आर्मी कोल्ट ही ठासणीची रिव्हॉल्व्हरं. सिलिंडरमध्ये, म्हणजे गोळ्या राहतात त्या फिरत्या नळकांड्यात, पुढून काळी दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे निपल नावाच्या बोंडावर ठिणगी देणारी टोपी बसवायची. टोपी नाही म्हणजे रिकामं, हा समज जीवघेणा ठरू शकतो. कोरडी राहिलेली काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात बारीक लाकडी काडी घालून खोली मोजा. एकात काडी कमी शिरली, तर वस्तू खाली ठेवा आणि जाणकार बंदूक कारागिराला बोलवा.

पेटंटची तारीख म्हणजे बनावटीचं साल समजणं

रेमिंग्टनच्या ‘न्यू मॉडेल आर्मी’ला सगळे सर्रास ‘१८५८ ची रेमिंग्टन’ म्हणतात, कारण नळीवर १४ सप्टेंबर १८५८ ही पेटंटची तारीख कोरलेली असते. प्रत्यक्षात हे मॉडेल १८६३ च्या सुमारास, यादवी युद्धाच्या ऐन मध्यावर बाहेर पडू लागलं. कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीच्या (दर गोळीआधी घोडा हाताने मागे ओढावा लागणारं रिव्हॉल्व्हर) फ्रेमवर, म्हणजे मुख्य सांगाड्यावर, १८७१ आणि १८७२ च्या तारखा दिसतात, पण हे रिव्हॉल्व्हर १८७३ चं. आणि त्याच तारखा पुढे कित्येक वर्षं उमटत राहिल्या. साल ठरवायचं ते सिरियल नंबरवरून.

जुळणाऱ्या नंबरांचा आंधळा आग्रह

सिंगल ॲक्शन आर्मीचा नंबर फ्रेमवर, ट्रिगर गार्डवर आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर असतो. तिन्ही जुळले की बरं, हे खरंच. पण नवा संग्राहक हा नियम सगळीकडे लावतो आणि तिथे फसतो.

घोडदळाला दिलेल्या मूळ रिव्हॉल्व्हरांची नळी साडेसात इंची होती. १८९२ मध्ये अमेरिकी सैन्याने पॉइंट ३८ (इंचातलं कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास) चं, चाप ओढला की घोडा आपोआप चढणारं डबल ॲक्शन कोल्ट स्वीकारलं आणि जुनी पॉइंट ४५ कोठारात गेली. पुढे त्यांतली बरीच दुरुस्तीसाठी काढून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या गेल्या. कामाच्या रेट्यात सुटे भाग एकमेकांत मिसळले, कुणाची फ्रेम, कुणाचा सिलिंडर. यांनाच आज ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणतात. फिलिपिन्सच्या लढाईत पॉइंट ३८ अपुरी पडल्याची तक्रार झाली, तेव्हा हीच पॉइंट ४५ पुन्हा सैनिकांच्या हाती आली. म्हणजे आर्टिलरी मॉडेलमध्ये विजोड नंबर हेच अस्सलपणाशी जुळतं. तिथे सगळे नंबर नीट जुळत असतील, तर ते नंतर कुणी पाडले का, हे भिंग घेऊन तपासा. मला स्वतःला चकचकीत नागरी कोल्टपेक्षा हे विजोड नंबरांचं रिव्हॉल्व्हर जास्त मोलाचं वाटतं. एका सैन्याचा बदललेला निर्णय त्यात जसाच्या तसा राहिला आहे.

नळीबद्दल आणखी एक. नागरी ग्राहकांत पावणेपाच इंची नळी आवडती होती, म्हणून लांब नळ्या कापून तशा केलेल्या बऱ्याच सापडतात. मूळ पावणेपाच इंची नळीवर कोल्टचा पत्ता सहसा दोन ओळींत असतो, लांब नळीवर एका ओळीत. आखूड नळीवर एकच ओळ आणि तीही एका टोकाला सरकलेली दिसली, तर करवत चालली आहे असं समजा.

चमकवणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि ते भरून येत नाही. कोल्टची नळी निळसर काळी असे, फ्रेमवर हाडांच्या आणि लाकडी कोळशात तापवून आणलेले निळे-तपकिरी रंगांचे ढग असत. काळाने निळी झाक तपकिरी होते, ढग राखाडी होतात. हा बदल म्हणजे घाण नव्हे. पॉलिशची पेस्ट, तारेचा ब्रश किंवा सँडपेपर फिरवला की तो गेला, आणि पॉलिशचं चाक लावलं तर कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो. अशी वस्तू पुन्हा निळी करून विकली जाते, तेव्हा हेच खळगे तिची चुगली करतात.

लाल, भुकटी सुटणारा गंज मात्र थांबवायला हवा. हलकं तेल लावून काही दिवस मुरू द्या, मग मऊ सुती कापडाने टिपा. हट्टी डागावर तांब्याच्या तुकड्याने अलगद खरवडा. शेवटी संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ लावा. स्क्रू उघडायचेच असतील, तर खाचेत नेमका बसणारा, समांतर बाजूंचा स्क्रूड्रायव्हर घ्या. फाटलेली खाच पाहून ग्राहक लगेच भाव पाडतो.

नक्कल न ओळखणं

इटलीतल्या गार्डोने वाल ट्रोम्पिया भागात उबेर्तीसारख्या कंपन्या जुन्या कोल्ट-रेमिंग्टनच्या उत्तम प्रतिकृती बनवतात. नवी प्रतिकृती नवी म्हणून विकत घेण्यात काहीच वाईट नाही. तिच्यावर इटालियन प्रूफ शिक्के (चाचणी पार केल्याचे) आणि सालाची खूण असते. लबाड विक्रेता ती घासून टाकतो आणि तेजाब लावून वय चढवतो. शिक्के असायला हवेत तिथे धातू किंचित बसका वाटतो का, ते तिरप्या उजेडात पाहा.

नेव्ही कोल्टच्या सिलिंडरवर टेक्सस आणि मेक्सिकोच्या जहाजांची लढाई उमटवलेली असते, तारीख १६ मे १८४३. हा ठसा मुळातच उथळ. बाकी सगळं रिव्हॉल्व्हर झिजलेलं आणि चित्र तेवढं ठसठशीत, असं दिसलं तर सावध व्हा.

कहाणीचे पैसे मोजणं

ऑगस्ट २०२१ मध्ये शेरीफ पॅट गॅरेटची कोल्ट बॉनहॅम्सच्या लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेली. १४ जुलै १८८१ ला फोर्ट समनर इथे कुख्यात गुंड बिली द किड हिच्याच गोळीने मेला. ही किंमत आली ती अखंड मालकीच्या पुराव्यामुळे; गॅरेटच्या विधवेने तर हीच कोल्ट न्यायालयात झगडून परत मिळवली होती. याउलट, बारा इंची नळीची ‘बंटलाइन स्पेशल’ सीमाप्रदेशातला प्रसिद्ध कायदा-अधिकारी वायट अर्प याला भेट मिळाल्याची गोष्ट १९३१ च्या एका चरित्रातून पसरली. तिला कोल्टच्या दप्तरात आधार सापडलेला नाही.

विक्रेता कहाणी सांगू लागला की ती वजा करून किंमत विचारा. मग सिरियल नंबर देऊन कोल्टच्या अभिलेखागाराकडून पत्र मागवा. माल कधी, कुणाला, कोणत्या कॅलिबरचा आणि किती लांब नळीचा रवाना झाला, हे त्यात कळतं. पुढे तो कुणी कमरेला लावला, हे ते पत्र सांगत नाही. लष्करी मालाच्या पत्रात तर बहुधा ‘सरकारी निरीक्षकाकडे’ एवढंच येतं.

आजचं काडतूस घालणं

सुरुवातीच्या सिंगल ॲक्शनमध्ये सिलिंडरची दांडी फ्रेमच्या पुढून बसवलेल्या स्क्रूने धरलेली असते. ही काळ्या दारूची फ्रेम. धूरविरहित दारूची हमी कोल्टने १९०० च्या सुमारास दिली. त्याआधीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आजची काडतुसं घातली तर सिलिंडर फुटू शकतो. संग्रहातली वस्तू चालवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठेवणं आणि कायदा

चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं पोलाद खातात. होल्स्टर वेगळं, रिव्हॉल्व्हर वेगळं.

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ ठरतं. मात्र राज्यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याचा कायदा खरेदीआधी वाचा. भारतात ही सवलत लागू नाही. शस्त्र अधिनियम १९५९ फक्त दुरुस्तीनंतरही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला सूट देतो. चालू स्थितीतलं रिव्हॉल्व्हर कितीही जुनं असलं तरी परवाना लागतो. म्हणून गावी दाखवायला ते सामानात घालून आणायचा विचारही करू नका. मूठ हस्तिदंती असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण हस्तिदंताच्या व्यापारावर दोन्ही देशांत कडक बंधनं आहेत. मुठीच्या वयाचा कागद विक्रेत्याकडून व्यवहाराच्या वेळीच घ्या.