मालवाहू गाडीची इग्निशन सिस्टीम बदलावी का, हे कसे ठरवावे

सोलापुरातून चादरी-टॉवेलांचे गठ्ठे किंवा मार्केट यार्डातला कांदा भरून निघालेली गाडी तुळजापूरच्या घाटात धापा टाकू लागली, की इग्निशन सिस्टीम, म्हणजे ठिणगी पाडून इंधन पेटवणारी यंत्रणा, बदलून इरिडियम या धातूच्या टोकाचे प्लग आणि भारी कॉइल बसवण्याचा सल्ला हमखास मिळतो. हा खर्च करण्याआधी पुढील तपासणी क्रमाने करावी.

सर्वप्रथम इंधन पाहावे. आपल्याकडचे बहुतेक मोठे ट्रक डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते, त्यामुळे तेथे ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतोच. काही डिझेल गाड्यांत ग्लो प्लग, म्हणजे तापून ऊब देणारे प्लग, असतात, पण ते थंड इंजिन सुरू होण्यापुरते असतात, त्यांचा चढावरच्या ओढीशी संबंध नाही. डिझेल गाडीची ओढ कमी झाली असेल, तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंजेक्टर आणि टर्बो तपासावेत. पुढचा मजकूर पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांसाठी आहे.

त्यानंतर तक्रार नेमकी काय आहे, ते कागदावर लिहावे. गाडी धक्के देत चढते, की धक्के न देता नुसतीच मंद चढते, हा फरक फार महत्त्वाचा आहे. धक्के बसत असतील आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसल्याची, म्हणजे मिसिंगची, शक्यता अधिक असते. गाडी एकसारखी पण मंद चढत असेल, तर ब्रेक जाम आहेत का, क्लच घसरतो का, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का आणि माल मर्यादेपेक्षा जास्त भरला आहे का, हे आधी पाहावे. सीएनजीची गाडी पेट्रोलपेक्षा थोडी कमी ओढते, कारण वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो. ही उणीव कोणत्याही प्लगने भरून निघत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून हजारो व्होल्टपर्यंत नेते, पण प्लगच्या टोकाजवळच्या फटीतून ठिणगी उडण्यास जेवढे व्होल्टेज लागते, तेवढ्यावर पोहोचताच ठिणगी पडते आणि व्होल्टेज तेथेच थांबते. म्हणजे कॉइलच्या खोक्यावर ४०,००० व्होल्ट छापलेले असले आणि इंजिनाला १५,००० पुरेसे असले, तर उरलेली क्षमता वापरलीच जात नाही. इंधन आणि हवेचे मिश्रण एकदा नीट पेटले की जास्त जोरदार ठिणगीमुळे ते अधिक ताकद देत नाही. मात्र चढावर पाय पूर्ण दाबलेला असताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. प्लगची फट झिजून रुंदावली असेल किंवा गाडी सीएनजीवर असेल, तर ही गरज आणखी वाढते. म्हणूनच सपाट रस्त्यावर गुपचूप चालणारी गाडी घाटात मिसिंग करते.

आता प्लग काढावेत, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, कारण गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जाण्याची भीती असते. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, याची खूण ठेवावी. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल, तर ते ठीक समजावे. सीएनजीवर ते आणखी फिकट दिसते. कोरडी काळी काजळी जास्त इंधन किंवा दुबळी ठिणगी सुचवते, तर तेलकट थर रिंग अथवा व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवतो. पांढऱ्या चिनीमातीवर उभी, केसाएवढी काळी रेघ दिसली, तर ठिणगी फटीतून न जाता बाहेरून पळते आहे असे समजावे आणि तो प्लग व त्यावरचे रबरी बूट दोन्ही बदलावे. फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजून गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावी. इरिडियमचे टोक अतिशय बारीक असते, त्यामुळे त्याची फट ठोकून जुळवू नये.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर एक सोपी परीक्षा विनाखर्च करता येते. गाडीतले दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरची मिसिंग, दिसत असेल, तर इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची दुसऱ्यावर लावावी. आता पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा कोड, आला, तर दोष कॉइलचा आहे. मिसिंग दुसऱ्यातच राहिली, तर प्लग, इंजेक्टर किंवा कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पाहावे. चालू इंजिनावर वायर उपटून ठिणगी बघण्याची जुनी सवय सोडावी. तिने शॉक बसतो आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

तपासणीत दोष सापडला, तर तोच भाग कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचा आणि प्लग असल्यास त्याच हीट रेंजचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याच्या त्याच क्षमतेचा, बसवावा. मिसिंगकडे दुर्लक्ष करत दिवस ढकलू नयेत, कारण न जळलेले इंधन सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करते. इरिडियम प्लगचा खरा लाभ आयुष्याचा आहे, आणि प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी बरेच भाग खोलावे लागणाऱ्या गाडीत तो पैसा मला योग्य वाटतो. जास्त ऊर्जेची कॉइल मात्र इंजिनात टर्बो बसवला असेल किंवा कम्प्रेशन वाढवले असेल, तरच विचारात घ्यावी. इंजिन किंवा इंधनाचा प्रकार बदलल्यास आरटीओची परवानगी लागते आणि वॉरंटीचाही प्रश्न येतो.

भाग बदलल्यावर त्याच घाटात, तेवढाच माल भरून, त्याच वेळी गाडी चालवून पाहावी. सोलापूरच्या ४० अंशांपलीकडच्या दुपारी हवा विरळ होते आणि इंजिन आपोआपच कमी ओढते, म्हणून मे महिन्यातल्या दुपारची तुलना पहाटेच्या फेरीशी करू नये.