घरात बारा महिने कोथिंबीर-मेथी: कुंडीचं नंतर बघू, आधी उजेडाचं बोला

ज्यांच्या गॅलरीत पाच-सहा तास कडक ऊन येतं त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, त्यांनी धणे नुसते भिरकावले तरी उगवतात. हे आहे ज्यांची खिडकी उघडली की समोर दुसऱ्या बिल्डिंगच्या बाथरूमचे पाईप दिसतात त्यांच्यासाठी, म्हणजे पुण्या-मुंबईतले, ठाण्या-पनवेलचे आपण अर्धेअधिक. घरातल्या घरात, पावसाळ्यातसुद्धा, रोजच्या फोडणीपुरता हिरवा माल निघतो. भाजीवाल्याला कायमचा रामराम करता येईल असं कोणी सांगत असेल तर ते सोडून द्या, तसं होत नाही.

कुंडी आणि माती

कुंडी कुठलीही घ्या, खाली भोकं हवीत. कोथिंबीर-मेथीला ५-६ इंच खोली पुरते, आईस्क्रीमचे मोठे डबे चालतात, फळवाल्याकडचा क्रेट आतून गोणपाट लावून तर उत्तमच. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पहिलं पाणी पिळून टाकून द्या, त्यात खार असतो. एवढंच. मातीवर दोन-दोन तासांचे व्हिडिओ बघू नका, घरातली रोपं मातीने मरत नाहीत.

आता मुद्दा: उजेड

घरातली रोपं मरतात ती उजेडाने, म्हणजे उजेड नसल्याने. मला हा टप्पा फार दिवस जमत नव्हता आणि तेव्हा प्रत्येकजण पाणी जास्त झालं असेल, पाणी कमी झालं असेल, खत घाल, बोलत बस त्यांच्याशी असले सल्ले द्यायचा. लक्षण ओळखा, ते अगदी ठरलेलं असतं. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते, आपण खूश, आणि पुढच्या दोन दिवसांत ती सरसर वाढते, आपण अजून खूश. ती वाढ नाहीये हो. जवळ जाऊन बघा, दांडा पांढरट, दोऱ्यासारखा, दोन-अडीच इंच लांब, टोकाला दोन छोटी फिकी पानं आणि सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळलेल्या. रोप उजेड शोधत ताणलं गेलंय, पोटातली सगळी शिदोरी त्यात संपवून बसलंय. मग एक दिवस पाणी घातलं की सगळी आडवी. मग लोक म्हणतात पाणी जास्त झालं.

आपल्याला वाटतं, अहो पण हॉलमध्ये चांगला लख्ख उजेड आहे की! डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा पहिला नियम. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होत राहते, त्यामुळे दहापट फरकसुद्धा आपल्याला फार जाणवत नाही, झाडाला मात्र जाणवतो. फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं ते टाका, अगदी अचूक नसतं पण अंदाजाला पुरतं. बाहेर भर दुपारच्या उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो. ऊन नसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर काही हजार. तिथून तीन-चार पावलं आत, सोफ्याशेजारी जिथे सगळ्यांना कुंडी "छान दिसते", तिथे काही शे. काही शे लक्समध्ये मनी प्लांट जगतो, कोथिंबीर नाही. पालेभाजीला दिवसभर साधारण आठ-दहा हजार लक्स मिळाले पाहिजेत, त्याखाली सगळं ताणलेलंच येणार. खिडकीला डासांची जाळी आणि काचेला काळी फिल्म असेल तर आकडा अजून खाली, मोजून बघा म्हणजे कळेल.

दुसरी गोष्ट, दिशा. "दक्षिणेची खिडकी सगळ्यात चांगली" हे वाक्य जिथे दिसेल तिथे समजा की युरोप-अमेरिकेच्या सल्ल्याचं आंधळेपणाने मराठी केलंय. तिथे सूर्य बारा महिने दुपारी दक्षिणेलाच असतो. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईला तो बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस, पेपरात फोटो येतात बघा बाटली उभी केलीये आणि सावली गायब. तिथून जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि जुलैच्या शेवटी पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे सरकतो. म्हणजे जी दक्षिणेची खिडकी डिसेंबरात सोफ्यापर्यंत ऊन आणते तिच्यात जूनमध्ये उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही, आणि वर बिल्डरने छज्जा काढलेला असेल तर एप्रिलपासूनच कारभार बंद. थंडीत जमलं आणि उन्हाळ्यात का जमेना म्हणून डोकं खाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर हेच आहे. वर्षभराचा विचार केला तर आपल्याकडे पूर्वेची खिडकी बरी, सकाळचं तिरपं ऊन बारा महिने आत येतं, बाजू थोडी बदलते इतकंच. पश्चिमेचं पण येतं पण एप्रिल-मेमध्ये ते भाजून काढतं. तुमची लंडनची मावसबहीण दक्षिणेच्या खिडकीत लावते ते तिच्यासाठी बरोबर आहे, पण डिसेंबरात तिच्याकडे दिवसच जेमतेम आठ तासांचा, म्हणजे तिलाही शेवटी माझ्यासारखी ट्यूबच लावावी लागणार.

तर ट्यूब. जांभळा उजेड पाडणारे, खास झाडांसाठी म्हणून विकले जाणारे ते ग्रो लाईट घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. ते चालत नाहीत असं नाही, पण खोक्यावरचे वॅट आणि खरे खाल्ले जाणारे वॅट यांचा बऱ्याचदा काही संबंध नसतो, शिवाय त्या जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच दिसत नाही आणि संध्याकाळी घराचा बार होतो तो वेगळाच. साधी २० वॅटची चार फुटी एलईडी बॅटन, पांढऱ्या उजेडाची, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेली, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळते ती. अशा दोन. लोखंडी अँगलचा रॅक असेल तर वरच्या फळीला खालून दोन्ही ट्यूब शेजारी शेजारी, साखळी आणि एस हुकने लटकवा, म्हणजे रोपं वाढतील तशा वर घेता येतात.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय ते. ट्यूब रोपांपासून किती लांब? सहा इंच. फूट नाही, दोन फूट तर नाहीच. दोन ट्यूब सहा इंचांवर असतील तर दहा हजार लक्सच्या आसपास मिळतात, एक फुटावर नेल्या की जवळपास निम्मे. आणि छताला लावलेली तुमची नेहमीची ट्यूब खाली टेबलावरच्या कुंडीला शे-दीडशे लक्सच्या वर काही देत नाही, त्यामुळे "आमच्याकडे रात्री अकरापर्यंत लाईट चालूच असतो" याचा उपयोग शून्य. लोकांना भीती वाटते की पानं जळतील. एलईडी ट्यूबला हात लावून बघा, कोमट असते. पान टेकू देऊ नका बाकी काही होत नाही. रॅकच्या बाजूंना थर्माकोल किंवा पांढरा पुठ्ठा उभा करा, बाहेर वाया जाणारा उजेड परत आत येतो.

ट्यूब कधी लावायची यात सगळं आहे. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी. "जरा मोठी होऊ देत मग लावू" म्हणालात की गेलं, कारण ताण पहिल्या दोन दिवसांतच येतो आणि एकदा ताणलेला दांडा परत आखूड होत नाही, काहीही करा. दांड्याभोवती माती चढवा, काडी लावा असले उपाय सांगतात, टोमॅटोला मातीचा उपाय लागू पडतो कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात, कोथिंबिरीला नाही. ताणलेली मेथी कापून आमटीत टाका, ताणलेली कोथिंबीर उपटा आणि परत पेरा. पेरल्यावर ओलं फडकं किंवा गोणपाट झाकलं असेल तर तेसुद्धा त्याच दिवशी काढायचं, अर्धा दिवस राहिलं तरी पांढरे दोरे तयार होतात.

वेळ: मेथी-पालकाला रोज १४ तास दिले तरी चालतात. कोथिंबिरीला १२ च्या वर जाऊ नका, दिवस मोठा झाला असं वाटून ती लवकर तुऱ्यावर येते आणि मग पानं बडीशेपेसारखी बारीक होतात. एकच टायमर असेल तर सगळ्यांना १२ तास लावून टाका. टायमर घ्याच, दोनशे वेळा लक्षात राहील आणि गावाला गेलात की राहणार नाही. दोन ट्यूब १२ तास म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट, जास्त नाही. वायरी आणि प्लग कुंड्यांच्या वरच्या पातळीला ठेवा, पाणी घालताना बटण बंद करा.

पेरणी

मेथी किराणातली चालते, रात्रभर भिजवा, दाट पसरा, वर बोटभर नको, पातळ थर माती. दादर-गिरगावात समुद्र मेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात ना, वाळूत वाढवलेल्या, तशी ती बारीकच कापायची, दहा-बारा दिवसांत तयार. घरात सगळ्यात आधी हीच करा, उजेड बरोबर बसलाय की नाही ते ही आठवड्यात सांगते.

धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया, पोळपाटावर लाटण्याने हलके रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करायच्या, पूड करायची नाही. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल. आठ ते बारा दिवस लागतात, पाचव्या दिवशी उकरून बघू नका. एप्रिल-मेमध्ये खोली तापलेली असली की धणे रुसतात, तेव्हा कोंब येईपर्यंत डबा खाली फरशीवर माठाशेजारी ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक नवीन डबा पेरत राहायचं, नाहीतर "बारा महिने" होत नाही, एकदम चार डबे येतात आणि मग महिनाभर काही नाही.

पुदिना बी लावून करू नका, जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात. लसणाच्या पाकळ्या शेंडा वर करून खोचल्या की पात येते. पालक मेथीसारखाच, फक्त विरळ पेरा. पानओवा तर कमी उजेडातसुद्धा तग धरतो, भज्यांपुरता एक असू द्या.

पाणी, चिलटं वगैरे

वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी. रोज ठरलेल्या वेळी नाही. पावसाळ्यात घरात हवाच इतकी दमट असते की दोन-तीन दिवस पाणी लागत नाही, आणि तरी घालत राहिलात तर रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात आणि मातीतून चिलटं उडायला लागतात. चिलटांना औषध नको, वर अर्धा इंच कोरडी वाळू पसरा, पाणी खालून ताटलीत द्या आणि तासाभराने ताटलीतलं उरलेलं ओतून टाका. टेबल फॅन अगदी हळू, लांबून, दिवसातून तास-दोन तास. याने दांडेही दणकट होतात, हे मी अतिशयोक्ती करत नाहीये. मावा (पानाला चिकटलेले बारीक किडे) दिसला तर नळाखाली पान धुवा, तेवढ्याने नाही गेला तर लिटरभर पाण्यात चमचाभर नीमतेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड.

खत म्हणून दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत. कांद्याच्या सालांचं पाणी, केळ्याच्या सालीचं पाणी, दूध-साखरेसकट चहाचा चोथा, हे सगळं बंद करा. घरात वास येतो, मुंग्या येतात, आणि सहा इंच मातीत ते कुजवायला कोणी बसलेलं नाही. जीवामृत (शेण-गोमूत्र-गुळाचं पातळ खत) फार चांगलं, पण शेतात, बेडरूममध्ये नाही.

कापताना मुळासकट उपटायचं नाही, बाहेरची मोठी पानं कात्रीने घ्या, मधला कोंब ठेवा. कोथिंबिरीला दुसरी कापणी मिळते, तिसरी बेताची, मग डबा रिकामा करून माती उन्हात वाळवा.

काय करू नये

टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी घरात नको. फळ धरायला जितका उजेड लागतो तितका या दोन ट्यूबमधून येत नाही, येणार ते फूल येऊन गळणार आणि तुम्ही पुन्हा खताला दोष देणार. मिरची अगदीच हौस असेल तर पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलला अगदी चिकटून एक कुंडी, फुलं आली की सकाळी देठाला हलकी टिचकी मारा, घरात वारा नसतो ना, त्याशिवाय परागकण झडत नाहीत. कढीपत्ताही आत आणू नका, त्याला खरं ऊन लागतं, ट्यूबखाली तो मरत नाही पण वर्षभरात दोन फांद्याही देत नाही. गॅलरी नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर सेक्रेटरीला विचारून ठेवा, आणि कुंडीवर नाव लिहा, नाहीतर पानं कोण नेतंय ते कळत नाही.