प्लास्टर निघालं, तरी हाताची आग थांबेना? या चुका टाळा

मावशी न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, एक्स-रेत हाड छान जुळलेलं. पण पंजा सुजून तकतकीत, घामेजलेला, आणि साडीचा पदर नुसता घासला तरी डोळ्यांत पाणी. ‘होईल हळूहळू’ म्हणण्यात महिना गेला. मग पेन क्लिनिकमध्ये नाव कळलं: सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, इजा भरल्यावरही न थांबणारं दुखणं.

आमची पहिली चूक, रिपोर्टवर विसंबणं. एक्स-रे किंवा एमआरआय नॉर्मल आला म्हणून हा आजार नाही असं ठरत नाही. डॉक्टर दोन्ही हात शेजारी ठेवून रंग, तापमान, सूज, घाम, नखं, हालचाल ताडून बघतात. इजा भरलेली असते, नसा मात्र दुखण्याचे निरोप धाडतच राहतात. याला मनाचे खेळ म्हणणाऱ्यांना सांगा, गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांची अशीच आग अमेरिकेतल्या यादवी युद्धात डॉक्टरांनी १८६४ मध्येच लिहून ठेवली आहे.

सगळ्यात महागात पडलं ते हात झोळीत जपून ठेवणं. हात जितका निजवाल तितके सांधे आखडतात, आणि मेंदू त्याला परका समजू लागतो. पण उलटं टोकही वाईट. एक दिवस बरं वाटलं म्हणून मावशीने एका बैठकीत वीस पोळ्या लाटल्या. पुढचे तीन दिवस हात टेकवता येईना. आता ती दोन लाटते, थांबते. रोज तेवढंच, मग थोडं वाढवायचं.

बर्फ लावू नका, त्याने आग भडकू शकते. रगडून मालीश तर नकोच. त्यापेक्षा आधी कापूस, मग सुती रुमाल, मग टॉवेल, असा स्पर्श दिवसातून चार-पाच वेळा, थोडाच वेळ, म्हणजे हाताला स्पर्शाची पुन्हा सवय होते. फिजिओथेरपिस्टने आरसाही दिला: दुखरा हात आरशामागे, चांगला पुढे हलवायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे दुखराच हलतोय असं मेंदूला वाटतं. मावशी आधी हसली, ‘हे काय जादूचे प्रयोग!’ पण आठवड्याभरात बोटं किंचित मिटू लागली.

नसांचं दुखणं कमी करणाऱ्या प्रीगॅबलिनसारख्या गोळ्यांनी झापड येते म्हणून त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आणि प्लास्टर असतानाच बोटं निळी पडली, बधिर झाली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.