थीम पार्कच्या सहलीसाठी कॉम्पॅक्ट कॅमेरा घेताना या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून दोन बेत हमखास निघतात: उत्तरेला पुण्यापुढे खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा, नाहीतर दक्षिणेला बेंगळुरूच्या पलीकडे म्हैसूर रस्त्यावरच्या बिडदीतील वंडरलाचा. आपल्याकडच्या शाळांना कर्नाटकाच्या वेळापत्रकाप्रमाणे दसऱ्याची सुट्टी मिळते आणि कोल्हापूर-पुण्याच्या भावंडांना दिवाळीची, त्यामुळे सगळी मुले एकत्र सापडतात ती मे महिन्यातच. एवढ्या जुळवाजुळवीने ठरलेल्या आणि चारशे-पाचशे किलोमीटरचा प्रवास करून गाठायच्या या सहलीसाठी कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारा, कॅमेरा मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात, खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पाहून घेतला जातो. तो कॅमेरा पार्कमधल्या पाण्यात, अंधारात आणि धावत्या मुलांपुढे कसा वागेल, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारतच नाही.

झूमला भुलणे ही यातली सर्वांत मोठी चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी बिडदीला जाताना मी मोठ्या झूमचा कॅमेरा घेतला, कारण दुकानाच्या दारात उभे राहून रस्त्यापलीकडच्या पाटीवरचे अक्षर न् अक्षर त्यातून वाचता येत होते. पार्कमध्ये पुतणी रोलर कोस्टरवर बसली, तेव्हा मी खालून झूम पूर्ण ताणला. फोकस मागे-पुढे होत राहिला, आणि तो लागला तेव्हा डबे वळून गेले होते. पडद्यावर उरली होती ती शेवटच्या डब्याची पाठ आणि वाऱ्यावर उडणारी कोणाची तरी वेणी. संध्याकाळी दिवे लागल्यानंतर काढलेले फोटो तर जवळजवळ सगळेच हललेले निघाले.

याचे कारण भिंगाभोवतीच्या कड्यावरच छापलेले असते, आणि ते वाचायला दोन मिनिटे पुरतात. कड्यावर आकड्यांच्या दोन जोड्या असतात. समजा तिथे ४.३–१७२ मिमी आणि १:३.३–६.९ असे लिहिले आहे. पहिल्या जोडीतील मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागले की ४० येतात. हा खरा, म्हणजे भिंगाचा झूम झाला. दुसरी जोडी भिंगाचे तोंड किती उघडते ते सांगते आणि तिथे लहान आकडा म्हणजे जास्त उजेड. झूम ताणल्यावर ३.३ चा आकडा ६.९ वर जातो, म्हणजे आत येणारा उजेड चौथ्या हिश्शाहूनही कमी राहतो. मग कॅमेरा शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, जास्त वेळ उघडे ठेवतो, आणि लांबच्या झूमवर हाताचा बारीकसा कंपही फोटोत उतरतो. याउलट कॅननच्या पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ च्या कड्यावर ८.८–३६.८ मिमी आणि १:१.८–२.८ असे आकडे आहेत. झूम जेमतेम चारपट, पण तोंड पुरेसे उघडे. थीम पार्कमध्ये आपली माणसे आपल्यापासून पाच ते पंधरा मीटरवर असतात, त्यामुळे तीन ते आठ पट झूम पुरेसा होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट सेन्सरची, म्हणजे भिंगामागे उजेड टिपणाऱ्या चिपची, आणि तिच्याबद्दल दुकानात सहसा कोणी बोलत नाही. स्वस्त आणि मोठ्या झूमच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत बहुधा सुमारे ६.२ बाय ४.६ मिमीचा सेन्सर असतो. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा असतो, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ चौपट. संध्याकाळची मिरवणूक, अंधाऱ्या बोगद्यातील राइड, रोषणाईपुढे उभे राहिलेले कुटुंब, या सगळ्या ठिकाणी हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. लहान सेन्सरचा कॅमेरा रात्री चांगल्या मोबाइलपेक्षा सरस फोटो देईल ही अपेक्षा चुकीची आहे, कारण मोबाइल एका क्षणी अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. एक इंची सेन्सरचा कॅमेरा चांगल्या मोबाइलएवढा महाग पडतो हे खरे. तेवढे पैसे घालायचे नसतील तर लहान सेन्सरचा कॅमेरा घेण्याऐवजी आहे तो मोबाइलच वापरावा आणि पैसे मुलांच्या तिकिटांना ठेवावेत.

ऑनलाइन विक्रीत ‘४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ असे लिहिलेले अतिशय स्वस्त कॅमेरेही दिसतात. यांपैकी बहुतेकांत भिंग पुढे-मागे सरकतच नाही. त्यांचा झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो आणि अनेकांत आपोआप फोकस करण्याची सोयही नसते. मुलाच्या हौसेखातर घ्यायला हरकत नाही, पण सहलीचा एकमेव कॅमेरा म्हणून तो घेऊ नये.

पाण्याचा विचार न करणे ही तितकीच महागात पडणारी चूक आहे. वर सांगितलेले एक इंची कॅमेरे पाण्यापासून सुरक्षित नसतात. वेव्ह पूल आणि घसरगुंड्या हाच मुलांचा मुख्य ओढा असेल, तर ओएम सिस्टीमच्या टफ टीजी-७ सारखा, १५ मीटर खोल पाण्यात चालणारा आणि दोन मीटर उंचीवरून पडण्याचा धक्का सोसणारा कॅमेरा बघावा. त्याचा सेन्सर लहान आहे, म्हणून संध्याकाळसाठी मोबाइल जवळ ठेवावा. अशा कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या झाकणाला रबराची कडा असते. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत जाते, म्हणून ओल्या हाताने ते झाकण कधीही उघडू नये, आणि पूलमधून बाहेर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याने धुऊन पुसावा. अनेक राइडवर सुट्या वस्तू नेऊ देत नाहीत, तेव्हा खिशात मावणारा कॅमेरा आणि लॉकरची सोय दोन्ही लागतात.

कॅमेरा घरातल्या एकाच माणसाच्या हाताला बसेल असा निवडण्याची चूकही फार दिसते. परिणामी सगळ्या सहलीत एक माणूस फोटोतच येत नाही, आणि बहुतेक घरांत ती आई असते. खरेदीला जाताना आजींना बरोबर न्यावे, कॅमेरा त्यांच्या हातात द्यावा आणि काही न समजावता एक फोटो काढायला सांगावे. बटण सापडत नसेल, किंवा सगळा कारभार स्पर्शाच्या पडद्यावरच चालत असेल, तर पार्कमध्ये ओल्या बोटांनी तो कोणालाच जमणार नाही.

बॅटरीचे आकडे आधीच माहीत असावेत. एका चार्जवर जी७ एक्स मार्क ३ सुमारे २३५ आणि सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ सुमारे २६० फोटो काढतो. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या दिवसाला एक जादा बॅटरी हवीच. विमानाने जाणार असाल तर ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. काही कॅमेरे साध्या पॉवर बँकवर चार्ज होत नाहीत, हे घरी तपासून घ्यावे. फोरके (4K), म्हणजे जास्त बारकाव्याचा, व्हिडिओ काढायचा असेल तर व्ही३० (V30) ही वेगाची खूण असलेले ६४ जीबीचे कार्ड घ्यावे, कारण सेकंदाला १०० मेगाबिट (एमबीपीएस) वेगाने ३२ जीबीचे कार्ड पाऊण तासाच्या आत भरते. बिल जीएसटीचे आणि वॉरंटी कंपनीची, भारतात चालणारी असावी. आणि खरेदी निदान पंधरा दिवस आधी करावी, म्हणजे घरासमोर सायकल चालवणाऱ्या मुलांचे फोटो काढून हात बसतो.

पार्कमध्ये गेल्यावर अडचणी आल्या तर घाबरून जाऊ नये. वातानुकूलित गाडीतून उतरताच भिंगावर धुके धरते. ते रुमालाने पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा गाडीतच प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून बाहेर आणावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढावा, म्हणजे पाण्याचे थेंब पिशवीवर जमतात, भिंगावर नाही. धावती मुले अस्पष्ट येत असतील तर शटर १/५०० सेकंदावर ठेवावे, आणि ते जमत नसेल तर खेळाडूचे चिन्ह असलेला मोड निवडावा. दुपारच्या उन्हात टोपीखालचे चेहरे काळे पडतात, तेव्हा भर दिवसा फ्लॅश चालू करावा. तीन मीटरपर्यंत तो सुंदर काम करतो. रात्री एलईडी दिव्यांखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसले तर मेनूमध्ये पाल (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडावी आणि शटर १/५० वर आणावे, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. भिंग अर्धवट बाहेर येऊन अडकले तर बोटाने दाबू नये. बॅटरी काढून थोड्या वेळाने पुन्हा घालावी, कडेची वाळू मऊ ब्रशने झटकावी. तरीही हलले नाही तर दुरुस्तीलाच द्यावे.

शेवटची चूक सहलीनंतर घडते आणि ती आपल्या भागातल्या लोकांना विशेष भोवते. मे महिन्यात वापरलेला कॅमेरा कपाटात, कपड्यांखाली, चामडी पाकिटात जातो. जूनमध्ये पाऊस लागतो, आणि खानापूर-जांबोटीकडे तर चार महिने भिंतींनाही ओल येते. गणपतीत आरतीचे फोटो काढायला तो बाहेर काढावा, तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरलेली असते, आणि ती काढायला भिंग खोलावे लागते. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलचे, म्हणजे ओल शोषून रंग बदलणारे, दाणे घालून कॅमेरा पाकिटाशिवाय ठेवावा, बॅटरी वेगळी काढावी, दर पंधरवड्याला उघडीप पडेल त्या दिवशी झूम पुढे-मागे करून घरातल्या माणसांचे दहा-बारा फोटो काढावेत, आणि दाण्यांचा रंग पाहून डबा पुन्हा बंद करावा.