कोटेशन स्पॅममध्ये जातंय? आधी डोमेन तपासा

सोलापुरातून टॉवेल-चादरींचं कोटेशन परदेशी खरेदीदाराला पाठवलं आणि ते स्पॅममध्ये पडलं, तर ऑर्डर जाते आणि कारण कळतही नाही. अशा वेळी मजकूर बदलत बसू नका. डोमेन म्हणजे तुमच्या मेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव. त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी आहेत का ते बघा.

तुमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, हे एसपीएफ सांगतं. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं. दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सुचवतं. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच ठेवा. बिलिंगचं सॉफ्टवेअर मेल पाठवत असेल तर त्याचा सर्व्हरही त्याच ओळीत घाला. नेमकं हेच राहून जातं!

जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्यात. तुम्ही मोजकेच मेल पाठवत असाल तरी करून घ्याच.

मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि त्या मेलच्या मेनूतलं ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसायला हवं. आणि मेल पत्त्यांच्या विकतच्या याद्यांवर मेल अजिबात पाठवू नका.