निश्चय टिकत नाही? विश्वासाच्या वाटचालीत या चुका टाळा

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत, यंदा अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचंच, असा निश्चय मी सलग तीन वर्षं केला आणि तिन्ही वेळा त्यातल्या तिसऱ्याच, लेवीयच्या पुस्तकात अडकलो. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. आठवडाभर खंड पडला की बावीस-तेवीस अध्यायांची थकबाकी. ती फेडायच्या नादात मी वचनांवरून नुसती नजर फिरवायचो, मनात काही उतरायचं नाही, आणि शेवटी अपराधी वाटून शास्त्र उघडणंच बंद व्हायचं. तुमचंही असं होत असेल तर राहिलेले अध्याय सरळ सोडून द्या आणि आजच्या तारखेचा भाग उघडा. त्यातलं एकच वचन दिवसभर मनात घोळलं तरी चालेल.

पण माझी खरी चूक वेगळीच होती. वाचन झालं त्या दिवशी देव माझ्यावर प्रसन्न आणि चुकलं त्या दिवशी नाराज, असा हिशोब मी मनात धरला होता. याच्या उलट टोकाची माणसंही मला भेटतात. तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेने आहे, मग एवढी धडपड कशाला, असं ती म्हणतात. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना, पत्रात आपलं तारण साधून घ्यायला सांगतो आणि लगेच पुढच्या वचनात, तशी इच्छा आणि कृती तुमच्यात घडवणारा देवच आहे, असंही सांगतो. ही दोन वचनं एकमेकांपासून तोडली की गाडी हमखास घसरते. अमेरिकेतले धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी १७२२-२३ मध्ये, विशीही ओलांडलेली नसताना, स्वतःसाठी ७० निश्चय लिहिले आणि ते दर आठवड्याला वाचायचं ठरवलं. त्या यादीच्या सुरुवातीलाच त्यांनी कबूल केलं आहे की देवाच्या मदतीशिवाय माझ्याने काहीही होणार नाही. मी आता कोणताही निश्चय त्या कबुलीपासून सुरू करतो.

‘यापुढे जास्त प्रार्थना करीन’ हा निश्चय नव्हे, ही इच्छा झाली. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याची प्रार्थनेची वेळ ठरलेली होती, दिवसातून तीनदा. जागा ठरलेली होती, यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीची माडीवरची खोली. देवाची प्रार्थना करायला राजाची मनाई आली तेव्हा त्याने नवीन काही केलं नाही. पूर्वीपासून करत होता तेच केलं. संकट आल्यावर सवय लावायला वेळ मिळत नाही. म्हणून दहाच मिनिटं ठेवा, पण वेळ आणि जागा पक्की करा.

मंडळीतल्या (चर्चमधल्या) धडपड्या माणसांची चूक मात्र वेगळी असते. गायन, तरुणांची सभा, आजाऱ्यांच्या भेटी, कशालाच नाही म्हणायचं नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशू असतो त्या घराच्या दाराशी सारं गाव जमतं, येशू पुष्कळांना बरं करतो आणि पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो, म्हणतो, सगळे तुमचा शोध करताहेत. आणि येशू परत त्या दाराकडे वळत नाही! आपण आसपासच्या गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे, मी त्यासाठीच आलो आहे, असं तो सांगतो. दाराशी आलेली गरज खरीच होती, तरीही. हा उतारा मला दर वेळी अस्वस्थ करतो, कारण माझी बरीचशी सेवा लोकांना नाही म्हणता येत नाही म्हणूनच चालली होती. नवी जबाबदारी घेण्याआधी एक रात्र थांबा, प्रार्थना करा, मग उत्तर द्या.

एकट्याने झुंजत राहू नका. आठवड्यातून एकदा ‘कसं चाललंय?’ असं मोकळेपणी विचारणारा एक विश्वासू भाऊ किंवा बहीण पुरे.

आणि पडल्यावर? बहुतेक जण इथेच वाट सोडतात. आधी स्वतःला सुधारतो, मग देवापुढे जातो, असं ठरवतात आणि महिने निघून जातात. पेत्राने (हाच तो शिमोन) येशूला अटक झाली त्या रात्री कोळशाच्या शेकोटीपाशी, मी त्याला ओळखत नाही, असं म्हणून त्याला तीनदा नाकारलं. पुढे सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी भाजत होती. येशूने आधी ‘या, न्याहारी करा’ म्हटलं. मग तीन नकारांच्या जागी तीनदा प्रेमाविषयी विचारलं आणि त्याच सकाळी आपली मेंढरं, म्हणजे आपले अनुयायी, पेत्राच्या हाती सोपवली. तेव्हा चुकलेल्या दिवसाची प्रार्थना त्याच रात्री करा, कितीही ओशाळं वाटलं तरी.